दोन अंक

झिंगरूमामाने रात्र निवडली ती नाटकाची.
गावचा नाकेदार पहिल्या रांगेत, खुर्चीवर,
डोक्याला मफलर, गालात खर्रा,
आणि त्याचा खोकला असा
की बोडीच्या पाळीवरूनही ओळखू यायचा.
"तो खोकलते तवरी आपण मोकळे," मामा म्हणाला.

पूस संपत आलेला.
भरमारीची नळी हाताला चावत होती.
मामाने माझ्या चपला काढून घेतल्या,
स्वतःच्या कमरेला खोचल्या.
"पायाले दिसू दे."

सागाचं पान झाडावर असतं तोवर पान.
खाली पडून वाळलं की चौकीदार.
पहिलंच पाऊल टाकलं मी
आणि अख्ख्या रानाने मान वळवली.

"जंगल बोलते तवा चाल.
जंगल आयकते तवा थांब."
एवढंच तोंडाने शिकवलं त्याने,
बाकी सगळं पाठीने.

आणि जंगल बोलत होतं, थंडीत दात वाजावेत तसं:
बांबूच्या रांजीत करकर,
जुन्या खाटेवर कुणी कूस बदलावी अशी,
धावड्याची फांदी धावड्याला घासत,
रातवा दगडावर दगड आपटल्यासारखा,
आणि या सगळ्याच्या मागून, शेतं ओलांडून,
लाऊडस्पीकर.

खलनायक हसला की आम्ही सात पावलं चालायचो.
नायिका रडली की तीनच;
ती मधे श्वास घ्यायची.
तबला आला की मामा जवळजवळ पळायचाच.
असे आम्ही दोन अंक चाललो.
नाटकात काय झालं ते मला ठाऊक नाही,
पण कुठे किती आवाज होता
ते आजही पावलांनी मोजून सांगेन.

लाखोळीच्या बांधीत चितळं होती.
पाच माद्या, एक नर,
नराच्या शिंगात कसलीशी वाळकी वेल अडकलेली,
लग्नातून उठून आल्यासारखी.
चांदण्यात त्यांच्या नाकातून धूर.
खाण्याचा आवाज ऐकू येत होता,
ओलं धडपं हळूहळू फाडावं तसा.

मधे मोहाचा बुंधा.
अजून एक पाऊल हवं होतं.
मामाने उचललं. टेकवलं.
मी उचललं

आणि वीज गेली.

नायिका अर्ध्या शब्दात तुटली.
वाराही, कसा कोण जाणे, त्याच घडीला बसला.
रांजी गप्प. रातवा गप्प.
नाकेदारसुद्धा खोकला नाही.
सहा माना वर.
बारा कान.
माझा पाय हवेत.

तेव्हा पाहिलं मी,
अगदी जवळच्या मादीनेही
पुढचा एक पाय उचलून धरला होता,
गुडघ्यात मुडपून,
टेकवू की नको.
ती आणि मी.
तिच्या पायाखाली लाखोळी, माझ्या पायाखाली साग.
मामाचं बोट घोड्यावर,
आणि माझी पोटरी हळूहळू
थरथरायला लागली.

कुणाचा पाय आधी खाली आला
ते मला अजून सांगता येत नाही.
एक आवाज झाला. मग खूप झाले.
पांढऱ्या शेपट्या अंधारात शिरल्या
आणि बांधी रिकामी राहिली, कडेला वाफ धरून.

मामाला मी म्हणालो, तिचा.
तो काही बोलला नाही.
कमरेच्या चपला काढून पुढे टाकल्या, "घाल."
येताना आम्ही बैलांसारखे चाललो, पानं तुडवत,
आता कुणापासून लपायचं होतं?
वाटेत वीज आली,
नायिकेने उरलेला शब्द पुरा केला.

मंडपाच्या कनातीपाशी नाकेदार भेटला.
"कुठं होतास रे झिंगरू?"
"हागाले गेल्तो."
"दोन अंक?"
"थंडी हाये ना बाप्पा."

घरी मामीने पाट्यावर मसाला वाटून ठेवलेला,
जास्तीचा, वास गल्लीभर.
तिने आमच्या हातांकडे पाहिलं,
मग तोच मसाला लाखोळीच्या डाळीत घातला.
मामा बोटं चाटून जेवला.
मी मात्र हळू चावत होतो,
कान देऊन.