अंगठ्यासकट

बाणेरला, तिसऱ्या मजल्यावर, पहिला ब्लॉक लागला:
हिरडा, क्रमांक एक. घेर एकशे बारा.
निनाद हात चोळत म्हणाला,
खोड चढलं, आता खोडता येत नाही,
ब्रह्मदेवाच्या बापालाही.

तेवढ्यात मुळशीवरून भागू ढेबेचा फोन,
रेंज तुटत तुटत:
दादा, टेप ओढताना अंगठा
आतच राहिला की माझा.
सेंटिमीटरभर जास्त धरलंय बघा.

चार महिने, दोन ऑडिटर, भाड्याचा ड्रोन.
कुणालाच दिसला नव्हता.

दुरुस्ती खाली जोडता येते.
वरचं तसंच राहतं.

हिरडा किती हवा गिळेल ते पुढचं पुढे;
तोवर त्याच्या सालीला चिकटून
एक अंगठा आहे,
शाई न लावलेला,
कुणी सहीसाठी न मागितलेला.