पूर्ववर्ती काम

टॉडमॉर्डन. जून लागला तरी साइटच्या केबिनमध्ये हीटर चालू.
भिंतीवर माझा तक्ता, एकशे बारा ओळी,
एकीच्या शेपटाला दुसरीचं तोंड.
परांची उभी राहिल्याशिवाय कौलं उतरायची नाहीत,
कौलं उतरल्याशिवाय वासे दिसायचे नाहीत,
आणि वासे दिसल्याशिवाय
किती कुजलेत ते कोणी सांगायचं नाही.
पैसे मात्र आधीच मोजलेले.

मंगळवारी ग्रॅहम अ‍ॅक्रॉइड शिडीवरून उतरला,
हेल्मेट काढून म्हणाला, वळचणीला पाकोळ्या आहेत.
तीन घरटी.
कायदा आहे. हात लावायचा नाही.

मग एकशे तेरावी ओळ घातली, सगळ्यांच्या वर:
पिलं उडणे.
कालावधी: प्रश्नचिन्ह चालत नाही, बेचाळीस दिवस लिहिले.
जबाबदार व्यक्ती: रकाना रिकामा सोडता येत नाही,
माझंच नाव टाकलं.
एंटर दाबलं तशा खालच्या ओळी
एकमेकींना ढकलत ऑगस्टात गेल्या,
सुतार, प्लंबर, रंगारी.
फक्त ‘शाळा भरणे’ जागची हलली नाही,
तिची तारीख खिळ्याने ठोकलेली.
ती लाल झाली.

हेड ऑफिसचा फोन:
वरचं ते काम जरा आटोपतं घ्या ना,
माणसं वाढवा.
बरं, म्हटलं.

आता रोज साडेचारला
चहाचा मग घेऊन कुंपणाशी उभी राहते.
त्या किंचाळत येतात, घशात माशांचा गोळा,
वेग कमी न करता भिंतीत शिरतात,
पुन्हा बाहेर.

शुक्रवारच्या अहवालात लिहिलं,
काम प्रगतिपथावर, बारा टक्के.
ग्रॅहमने विचारलं, बारा कसे काढलेस?
आवाजावरून, मी म्हटलं.