दोन ग्रॅम

फिलूबाईंनी माहीमचं दुकान आवरलं,
वसईला बहिणीकडे निघाल्या.
माझे अठराशे राहिले होते,
दोन मशिनींचं सर्व्हिसिंग, एक नवा शटल.
म्हणाल्या, रोख नाही रे बाबा, हे घेऊन जा.
हे म्हणजे लाकडी खोक्यावर एक थाळी
आणि बाजूला झोपलेला वाकडा हात.

चाळीस वर्षं मी शिलाई मशिनी दुरुस्त करतो.
खालून उघडलं तर
मोटार, पट्टा, चाक. वर सुई.
म्हटलं, अगं, तू तर आमच्यातलीच!

पट्ट्याचं डांबर झालेलं,
तीन दिवस बोटं काळी.
मशिनीचा पट्टा कापून, जोडून बसवला
आणि मटण स्ट्रीटवरून ऐंशी रुपयांत आणलेली
एकुलती एक तबकडी ठेवली.
लेबल घासून गेलंय, कोण बाई गातात माहीत नाही.
अँप नव्हता, कान सुईपाशी नेला.
सुई स्वतःच गाते, डासाएवढं.
पण बाईंना सर्दी.
पट्टा ढिला की पट्टी उतरते,
हे एवढ्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

लॅमिंग्टन रोडला मुर्तझाभाईंनी नवा पट्टा दिला, साडेतीनशे.
सुई नऊशे.
चारू म्हणाली, अठराशे वसूल करायला साडेबाराशे घातलेत,
छान धंदा आहे तुमचा.

थाळीच्या कडेला शिंपीखडूची रेघ मारली
आणि घड्याळ लावून मोजत बसलो.
मिनिटाला तेहेतीस आणि वर एक तृतीयांश,
म्हणजे तीन मिनिटांत बरोबर शंभर फेऱ्या.
पहिल्यांदा अठ्ठ्याण्णव भरल्या.
मोटारीच्या कानात एक थेंब तेल.
शंभर.

मग हाताचा दाब. दोन ग्रॅम हवा, मुर्तझाभाई म्हणाले,
जास्त झाला तर खरवडते, कमी झाला तर घसरते.
आमच्याकडे दाब अंगठ्याला कळतो, आकड्यात नाही.
सुई घेऊन गल्लीतल्या सोनाराकडे गेलो.
त्याने आधी काट्यावर मंगळसूत्राच्या दोन वाट्या ठेवल्या,
म्हणाला, बघा काका, साधारण एवढंच.

मंडळाचा जुना अँप माळ्यावरून काढला,
भाद्रपदापर्यंत कुणी विचारणार नाही.
तबकडी मोरीत धुतली, लेबलावर वाटी पालथी घालून.
सगळं टेबलावर मांडलं,
तर शेजारचा बाब्या जिना उतरला
आणि सुईनं दोन ओळी ओलांडून उडी मारली.

तेव्हा दुकानातलं ओतीव लोखंडाचं स्टँड घरी आणलं,
पायडलचं. त्याच्यावरची मशीन केव्हाच भंगारात गेली.
आता बाब्या नाचला तरी हलत नाही.
जमीन मोरीकडे उतरती,
म्हणून एका पायाखाली अगरबत्तीचा पुठ्ठा.

सुई टेकवली.
आधी खरखर, कोरं कापड फाडल्यासारखी,
मग बाई.
वर टिपेला गेल्या तेव्हा चारूनं गॅस बारीक केला.
माझा पाय पायडलवर चालत होता.
खाली कशालाही जोडलेला नाही तो,
सवयीनं चालत होता.
माझ्या सुया जन्मभर भोकं पाडत गेल्या,
ही आधीच पडलेल्या वाटेनं जाते, न फाडता.

मधेच एक ओरखडा. बाई अडकल्या.
येईन, येईन, येईन, येईन,
एकाच जागी दुहेरी टीप घातल्यासारख्या.
मी उठेपर्यंत
चारूनं कणकेचा हात पदराला पुसला,
करंगळीनं हाताला हलकेच ढकललं,
म्हणाली, ये की मग एकदाची.

वहीत फिलूबाईंच्या पानावर अजून लिहिलंय,
येणे: अठराशे.
खोडावं म्हणून पेन शोधतोय,
तेवढ्यात बाजू संपली.
टक्. टक्. टक्.
हे यंत्र आपणहून थांबत नाही.
उठावं लागतं.