अडतीस

सावद्याच्या पॅकहाऊसात बाबा
फणीतल्या मधल्या केळाला कॅलिपर लावतात.
एकोणचाळीस भरलं तर एक्सपोर्ट,
नाहीतर लोकल.

क्रेटवर बसून मी फॉर्म भरतेय.
एक नोव्हेंबरच्या आत.
स्कोअर ऐच्छिक, असं वर लिहिलंय.
खाली बारीक अक्षरात:
लवकर अर्ज करणाऱ्यांना सक्तीचा.

केंद्र नाशिकला मिळालं होतं.
भुसावळहून रात्रीची गाडी, पहाटेचा स्टँडवरचा चहा,
आणि मग एका उताऱ्यावर अडले,
गोठलेल्या तळ्याबद्दल होता तो.

"इतकी घाई कायले व, धनू?"
"दूर जाणारा माल
लवकरच कापता ना तुम्ही?"

बाबा हसले नाहीत.
एक फणी मोजली,
पुन्हा मोजली.
अडतीस.
ती डब्याच्या पिशवीत ठेवली,
घरी न्यायला.