शेरा

चापडगावच्या मनोऱ्यावर सखाहरी
द्राक्षांच्या क्रेटची जुनी वही घेऊन बसतो.
रकाने तेच: तारीख, नग, शेरा.

मार्च सरत आला.
दिवस कलला की पाणकणसांत भोवत्या उतरतात.
परवा एकवीस, काल चौदा,
आज सहा.
सातवा, मी म्हणालो.
घार हाये ती, शेपटीची खाच बघा.

बाकीचे कुठं गेले?
"वर," एवढंच,
आणि हनुवटी उत्तरेकडे.

अंधारलं. टॉर्च दातात धरून
त्यानं सहाचा आकडा टाकला, थांबला,
मग शेऱ्यात बारीक अक्षरात:
एक मादी. डाव्या पंखात दोन पिसं कमी.
अजून हितंच.

उद्याही येणार आहे तो.
घरी सांगितलंय, खुडा आहे.