पायाच्या अंगठ्याला दोरा

गुजरीत बोळाच्या तोंडाशी माझी पायरी.
पायाच्या अंगठ्याला दोरा ताणायचा,
दात आणि दोन बोटं, बाकी काही लागत नाही.
दस्तगीर पटवेगार म्हणजे
दिवसभर दुसऱ्याचं सोनं मांडीवर घेऊन
संध्याकाळी मांडी झटकून उठणारा माणूस.

खोली त्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर.
माझ्या डोक्यावर निमाई सामंता राहायचा.
गाव दासपूर. इथं चौदा वर्षं.
गिड्डे अण्णांनी किराणाच्या वहीत
पहिल्याच दिवशी 'सावंत' लिहिलं.
तो म्हणाला, चालतंय की.
मग भाडेपट्टीवर सावंत,
गॅसच्या पुस्तकावर सावंत,
आणि हाक मात्र, ए बंगाली.

साजाची पानं तोच करायचा.
चंद्र, कमळ, कारलं, भुंगा, कासव, बेलाचं पान;
आत लाख, वर सोनं,
फुंकणी ओठात आणि एक डोळा मिटलेला.
माझ्याकडे यायची मोजून एकवीस.
मधे जाव मणी घालून मी ओवायचो.
लेक कुणाची, गाव कुठलं, आम्हाला पत्ता नसायचा.
गळ्याचं माप फक्त यायचं,
सुतळीच्या तुकड्यात, गाठ मारून.

शंखाचं पान करताना एकदा हसला.
"आमच्याकडं शंख बायका हातात घालतात, चाचा,
तुमच्याकडं गळ्यात."
"आमच्याकडं म्हणजे कुणाकडं रे?"
तो विचारात पडला. मीही.
मग दोघं गंगावेशीत जाऊन धारेचं दूध प्यायलो.
मिशीला फेस लागला आणि विषय राहिला.

त्या आठवड्यात गाव बंद होतं.
मोबाइलवर कुणीतरी काहीतरी ठेवलं होतं म्हणे.
मी पाहिलं नाही,
पाहिलेला माणूसही मला अजून भेटलेला नाही.
तिसऱ्या रात्री जिन्यात पाचसहा जण.
बॅटरीचा उजेड कागदावर.
आधारवर सामंता, भाडेपट्टीवर सावंत.
खरं नाव कुठलं?
गाव नदीच्या अलीकडं की पलीकडं?

"गुजरीतलाच हाय की वो," तो म्हणाला,
अगदी पेठेतल्या पोरागत.
त्यावर एकजण हसला.
ते हसणं अजून त्या जिन्यात आहे,
पाचव्या पायरीवर, मी ती चुकवून चढतो.

मी दाराच्या फटीतून बघत होतो.
कडी हातात. ओळख चौदा वर्षांची.
बाहेर येऊन 'ह्याला मी ओळखतो' म्हणायचं
तर आधी आपलं नाव सांगावं लागतं,
आणि त्या आठवड्यात माझंच नाव चालत नव्हतं.

गिड्डे अण्णा आले. बनियनवर, काखेत वही.
"हे अक्षर माझं. चूक माझी.
आणि सहाशे चाळीस उधारी हाय ह्याच्याकडं,
पळणाऱ्याला मी उधार देत न्हाई."
ते गेले. मारलं कुणालाच नाही.

निमाईनं पहाटे मिरजेला जाऊन गाडी धरली.
वीस पानं डबीत,
एकविसाव्याचं सोनं गुंजेपर्यंत तोलून शेठच्या हाती,
सहाशे चाळीस अण्णांच्या गल्ल्यावर.

शंख मग दुसऱ्यानं केला. चांगला केला.
निमाईच्या शंखाला आत एक वळसा जास्त असायचा,
घालणारीला तो कधी दिसत नाही.
मी ओवला. दोरा ताणला तसाच ताणला.

परवा फोन आला. मागं कोंबडं ओरडत होतं.
"चाचा, गळ्याचं माप बरोबर आलं?"
"आलं."
"अण्णांच्या वहीतलं माझं खातं?"
माझ्या दातात दोरा होता, बोलता येईना.

अण्णांनी ते पान फाडलेलं नाही.
रकमेपुढं शून्य घातलंय,
आणि सावंतचं सामंता करताना
मधल्या अक्षरावर शाई सांडलीय.