नाक मुठीत

किझिलमध्ये एप्रिल. येनिसेईवरचा बर्फ तडकतो
बंदुकीसारखा, मग बराच वेळ काहीच नाही.
खिडकीशी रईसा अर्काद्येव्ना
सूक्ष्मदर्शकावर ओणवी.
मी काचपट्ट्या पुसते, मीठ घालून चहा उकळते
आणि तिने न विचारलेलं सांगत राहते:
दूध आज थोडं करपलंय.
तिला वास येत नाही. दोन हिवाळ्यांमागच्या तापाने नेला.

कारा-ओल काडेपेटीतून गोचिडी आणतो,
गवतावरून पांढरं फलालीन ओढत जमवलेल्या.
सांगतो, पात्याच्या शेंड्यावर बसते ही
पुढचे दोन्ही पाय वर करून,
पोलिसाने हटकल्यासारखी.
कुत्रं भुंकायच्या आधी हिला कळतं, कोण येतंय.

कळतं ते पायाला.
पुढच्या पायाच्या टोकाशी, वरच्या अंगाला
एक खळगा, त्यात मोजके केस,
मागे एक कुपी, तिच्या तोंडाला चीर.
श्वास, घाम, मेंढीच्या पोटाची ऊब
सगळं तिथे उतरतं.
नाक मुठीत धरणं म्हणजे लाचारी, असं मी समजायचे.
ही नाक मुठीत घेते
आणि हात उंचावते.

आज तळच्या कप्प्यातून एक बाटली निघाली.
लेबल रईसाच्याच अक्षरात, शाई जांभळी:
इक्सोडीस. पुढे प्रश्नचिन्हही नाही.
आत उरलंय त्याला गोचीड म्हणणं म्हणजे उपकार.
सोंड मेंढीच्या कानातच राहिली,
पोट चिमट्याखाली फुटलेलं,
म्हणजे गुदाची खाच पुढून वळते की मागून
हा पहिलाच प्रश्न मिटला.
पाठीवरची ढाल अर्धी. डोळे होते की नव्हते, देव जाणे.
एक पाय शाबूत. नशिबाने पुढचा.

चाळीस मिनिटं ती पाहते.
चिरेचा आकार, मग केस. मोजते, पुन्हा मोजते.
ओठ हलतात; प्रार्थनेत हलतात तसे नाही,
उधारी जुळवताना हलतात तसे.
मग लेबलावर एक सरळ रेघ,
खाली: हीमाफायसॅलिस. बहुधा.

"तेव्हा मला घाई होती," म्हणते.
"खाली कुणीतरी थांबलं होतं."

मी खिडकी उघडते.
"काय येतंय?" ती विचारते.
ओलं शेण, डिझेल, कुणीतरी मासे तळतंय.
"कुणीतरी म्हणजे कोण?"
मला नाही सांगता येत.

"हिला आलं असतं," ती म्हणते,
पोटच्या पोरीचं कौतुक सांगावं तशी,
आणि पुढच्या काचपट्टीसाठी हात पुढे करते.